सलोखा दौड (कॅनडा)

कॅनडातील मूलनिवासी समाज (फर्स्ट नेशन्स, इन्युइट व मेटी) आणि इतर नागरिक यांच्यातील सलोख्यासाठी दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आगेमागे ठिकठिकाणी होणारी हौशी दौड. तिचा एकच एक आयोजक नाही. कुठे विद्यापीठ पुढाकार घेते, कुठे नगरपालिका किंवा धावकांचा क्लब, तर कुठे फर्स्ट नेशन स्वतः. अंतर बहुधा पाच किंवा दहा किलोमीटर. चालणाऱ्यांसाठी आणि बाबागाडी ढकलत येणाऱ्यांसाठी त्याहून छोटा टप्पा. मुंबई मॅरेथॉनमधली ‘ड्रीम रन’ पाहिलेल्यांना गर्दीचे स्वरूप चटकन कळेल, पण वातावरण तिच्याइतके जल्लोषाचे नसते.

दिवसाची निवड विचारपूर्वक झालेली आहे. निवासी शाळांसाठी मुलांना घरातून उचलून नेण्याचा हंगाम सप्टेंबरचा. १८८० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत सरकारच्या पैशावर आणि बहुतांशी चर्चच्या देखरेखीखाली चाललेल्या या शाळांत सुमारे दीड लाख मुले घातली गेली. तिथे मातृभाषा बोलायला बंदी होती, आणि हजारो मुले परत आलीच नाहीत. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतल्या ८० व्या शिफारशीने या शाळांच्या इतिहासासाठी सुट्टीच्या स्मरणदिनाची मागणी केली होती. ३० सप्टेंबरचा तो दिवस प्रत्यक्षात यायला २०२१ साल उजाडले.

दौडीत घातल्या जाणाऱ्या शर्टांचा नारिंगी रंग मात्र त्याआधीचा आहे. १९७३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ्स मिशन शाळेत सहा वर्षांची फिलिस वेबस्टॅड आजीने घेऊन दिलेला नवा, चकाकता, पुढून नाडी बांधायचा नारिंगी शर्ट घालून गेली. पहिल्याच दिवशी तो अंगावरून उतरवला गेला आणि परत मिळाला नाही. तिने ही हकीकत सांगितल्यावर २०१३ पासून ‘ऑरेंज शर्ट डे’ पाळला जाऊ लागला. त्यामुळे या दौडीत छातीवरच्या क्रमांकापेक्षा शर्टाला मान जास्त. दौडीआधी ही जमीन मूळची कोणाची याचा उच्चार होतो, ज्येष्ठ व्यक्ती प्रार्थना म्हणते, ढोल वाजतो; कुठे सेज या वनस्पतीचा धूर दोन्ही हातांनी तोंडावर, अंगावर घेतात. घड्याळ लावून पळणाऱ्यांची तोवर चुळबुळ सुरू झालेली असते, पण कार्यक्रमाचा गाभा खरे तर हाच.

दौडच का, पदयात्रा किंवा सभा का नाही? या इतिहासात पळण्याला स्वतःची जागा आहे. निवासी शाळांतून मुले सतत पळून जात. १२ वर्षांचा चेनी वेनजॅक ऑक्टोबर १९६६ मध्ये ओंटारियो प्रांतातील केनोरा इथल्या सेसिलिया जेफ्री शाळेतून निसटला आणि रेल्वेरुळाच्या कडेकडेने घरी निघाला. घर होते सुमारे ६०० किलोमीटरवर. अंगात पातळसे विंडब्रेकर. थंडीपावसात आठवडाभरात तो रुळाशेजारी मृतावस्थेत सापडला. त्याच्या मृत्यूमुळे या शाळांची देशभर चर्चा झाली.

टॉम लाँगबोट हा ओनोंडागा या मूलनिवासी जमातीचा धावकही असाच शाळेतून पळालेला. ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूटमधून पहिल्यांदा पळाला तेव्हा पकडला गेला, दुसऱ्यांदा पळून नातेवाइकाच्या शेतावर राहिला. १९०७ ची बोस्टन मॅरेथॉन त्याने २ तास २४ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. तेव्हाचा मार्ग आजच्यापेक्षा थोडा आखूड होता, तरी आधीचा विक्रम त्याने सुमारे पाच मिनिटांनी मोडला. रोज जीव तोडून पळण्याऐवजी तो कठीण सरावानंतर हलके दिवस घेई. वृत्तपत्रांनी त्याला आळशी ठरवले. आज प्रत्येक प्रशिक्षक नेमके हेच शिकवतो.

१९६७ चा प्रसंग तर सलोखा दौडीच्या बरोबर उलटा. कॅनडातील विनिपेग शहरात भरलेल्या पॅन अमेरिकन स्पर्धेची (अमेरिका खंडांतील देशांच्या क्रीडास्पर्धेची) मशाल अमेरिकेतील सेंट पॉलहून सुमारे ८०० किलोमीटर पळत आणण्याचे काम दहा मूलनिवासी तरुणांकडे होते, त्यांतले बहुतेक निवासी शाळांत शिकलेले. स्टेडियमच्या दाराशी मशाल त्यांच्या हातून काढून एका गोऱ्या धावकाकडे देण्यात आली. यांना आत प्रवेश नव्हता. १९९९ मध्ये स्पर्धा पुन्हा विनिपेगला आली तेव्हा आयोजकांनी माफी मागितली आणि त्यांच्यापैकी काही जण, आता पन्नाशीला टेकलेले, मशाल घेऊन मैदानात गेले. मूलनिवासी खेळाडूंचा इतिहास लोकांना शिकवावा, असे आयोगाची ८७ वी शिफारस सांगते. दौडीच्या माहितीफलकांवर वरच्या गोष्टी असतील, तर ती शिफारस निदान त्या सकाळपुरती पाळली जाते. नुसता टीशर्ट वाटणाऱ्या दौडीला हे श्रेय देता येणार नाही.

आक्षेप घेणारे मूलनिवासी समाजातही आहेत. मुलांच्या मृत्यूच्या स्मरणदिनी मौज कशाची, हा पहिला; म्हणून बरेच आयोजक ‘फन रन’ या नावातून ‘फन’ गाळतात आणि निकाल जाहीर करत नाहीत. दुसरा पैशाचा. मूलनिवासी चित्रकारांची चित्रे परस्पर उचलून छापलेले नारिंगी शर्ट सर्रास विकले जातात, त्यामुळे शर्ट कोणाकडून घेतला आणि प्रवेशशुल्क कोणत्या संस्थेला गेले हे विचारण्याची पद्धत पडली आहे. तिसरा आक्षेप सुट्टीचा: २०२१ मध्ये पहिल्याच स्मरणदिनी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो कुटुंबासह टोफिनो या किनाऱ्यावरच्या गावी गेले आणि नंतर त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. शिवाय सुट्टी सर्वांना नाही. संघराज्य सरकारच्या अखत्यारीतील कर्मचाऱ्यांना ती मिळते. ब्रिटिश कोलंबियाने २०२३ पासून आणि मॅनिटोबाने २०२४ पासून प्रांतिक सुट्टी दिली, ओंटारियोने दिली नाही. तिथे ३० तारीख कामाच्या दिवशी आली, तर दौड जवळच्या शनिवार-रविवारी घेणेच सोयीचे पडते.