टायको आणि कोपर्निकस: एकसारखी दिसणारी चंद्रावरची दोन विवरे

पौर्णिमेच्या आसपास दुर्बिणीतून चंद्र पाहिला, की शुभ्र पट्टे चहूकडे फाकलेली दोन विवरे चटकन नजरेत भरतात आणि नवख्या निरीक्षकाची त्यांच्यात हमखास गल्लत होते. टायकोचा व्यास सुमारे ८५ किलोमीटर आणि कोपर्निकसचा सुमारे ९३ किलोमीटर असल्याने आकारावरून ती वेगळी ओळखणे अवघडच आहे. जागा पाहिली तर मात्र शंका उरत नाही. टायको दक्षिणेकडच्या, विवरांनी गजबजलेल्या उजळ डोंगराळ भागात आहे. कोपर्निकस विषुववृत्ताच्या थोडे उत्तरेला, लाव्हाच्या काळपट मैदानात आहे.

घडण दोघांची एकाच जातीची. अवकाशातून येऊन आदळलेल्या वस्तूच्या आघातानंतर खोलवर दाबला गेलेला खडक काही मिनिटांतच उसळून वर आला आणि मध्यभागी डोंगर उभा राहिला. कडा स्वतःच्या भाराने आत खचल्या आणि भिंतींना पायऱ्यांसारखे टप्पे पडले. टायकोच्या मध्यावरचा डोंगर तळापासून सुमारे २ किलोमीटर उंच आहे आणि त्याच्या माथ्यावर शंभर मीटरहून मोठा एक प्रचंड धोंडा विसावलेला आहे, जो लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. कोपर्निकसच्या तळावर एकाऐवजी तीन वेगवेगळे उंचवटे आहेत आणि त्यांत ऑलिव्हिन हे खनिज आढळले आहे.

खरा भेद आहे तो शुभ्र पट्ट्यांत, आणि माझ्या मते या जोडीतली सर्वांत रोचक गोष्ट हीच आहे. आघाताने उडालेला ताजा चुरा उजळ असतो. सूक्ष्म उल्कांचा मारा आणि सौरवारा (सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा झोत) यांमुळे तो कालांतराने काळवंडतो. टायको सुमारे १० कोटी ८० लाख वर्षांचे, म्हणजे चंद्राच्या हिशेबाने अगदी कोवळे, त्यामुळे त्याचे पट्टे अजून ताजे असून त्यांतले काही १,५०० किलोमीटरपर्यंत पोहोचतात. पश्चिमेकडे ते फारसे नाहीत, कारण आदळणारी वस्तू त्या बाजूने तिरपी आली असावी. कोपर्निकस साधारण ८० कोटी वर्षांचे मानले जाते, आणि एवढ्या काळात नुसत्या ताजेपणाची चमक टिकत नाही. तरीही त्याचे पट्टे दिसतात, ते मुख्यतः द्रव्यातल्या फरकामुळे: काळ्या बेसॉल्टच्या थराखालचा फिकट खडक आघाताने उपसून वर आला आणि आजूबाजूच्या गडद मैदानावर पसरला.

कोपर्निकसचे वय १९६९ मध्ये अपोलो १२ ने आणलेल्या नमुन्यांवरून, तर टायकोचे अपोलो १७ च्या नमुन्यांवरून काढलेले आहे. अपोलो १७ जिथे उतरले ती दरी टायकोपासून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, पण तिथली एक दरड टायकोहून उडालेल्या खडकांच्या माऱ्याने कोसळली असावी, असे मानले जाते.

भिंतींचे टप्पे आणि मधले डोंगर पाहायचे असतील तर पौर्णिमा टाळावी, कारण तेव्हा सावल्याच नसतात. शुक्ल अष्टमीनंतरच्या एकदोन रात्री दोन्ही विवरांवर कोवळे ऊन तिरपे पडते आणि त्यांची खोली उठून दिसते.