पार्श्वभूमी : गोव्यातली होम केअर सेवा आणि तिच्या दर्जाचे निकष

होम केअरच्या, म्हणजे आजाऱ्याला घरी दिल्या जाणाऱ्या शुश्रूषेच्या, दर्जाचा विषय गोव्यात निघाला की तो पोलिस पडताळणीपासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. शुश्रूषेला आलेली बाई कुठल्या राज्यातली, आधार कार्ड खरे का, एजन्सीने पोलिस ठाण्यात कागद दिले की नाही. एखाद्या चोरीची बातमी छापून आली की आठवडाभर हीच चर्चा. अर्धांगाच्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली जाते का, नाकातल्या नळीवाटे पेज भरताना त्याला टेकवून बसवतात का, कॅथेटर (लघवीची नळी) कधी बदलला आणि कुणी बदलला याची वही ठेवली आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. घरात दिल्या जाणाऱ्या शुश्रूषेचा दर्जा कुणी ठरवायचा हा निर्णयच गेली पंधरा वर्षे एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात ढकलला जातो आहे.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर राजाच्या खर्चाने इस्पितळ काढले, पुढे धर्मादाय बंधुसंघाचे इस्पितळ आले, १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा. निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम होते. मुक्तीनंतर सरकारी मदतीवर चालणारे आश्रम राज्याच्या खात्याखाली आले. या सगळ्यात घर कुठेच नव्हते. घरच्या आजाऱ्याचे सून करायची, विधवा आत्या करायची, नाहीतर वाड्यावरची एखादी बाई. तिला काय येते हे विचारण्याची पद्धत नव्हती.

हे चित्र बदलले ते लोकसंख्येमुळे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या ६० वर्षांवरच्या लोकांचे प्रमाण ११.२ टक्के निघाले. देशाचे तेव्हा ८.६ होते आणि राज्यांमध्ये केरळच काय ते गोव्याच्या पुढे होते. मुले मुंबई-पुण्याला, आखातात, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. मागे मोठी घरे आणि त्यांत दोन म्हातारी माणसे. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथे माणसे पुरवणाऱ्या एजन्स्या याच गरजेतून आल्या. त्यांचा नमुना मुंबईच्या नर्सिंग ब्युरोचा. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी, आगाऊ डिपॉझिट, बाई गावी गेली तर बदली. आणि काही बिनसले की ठरलेले वाक्य : आम्ही फक्त माणूस पुरवतो.

पुढचा सगळा गुंता या एका वाक्याचा आहे.

आपल्याकडे आरोग्यसेवेचे नियमन दोन वाटांनी होते, माणसाच्या किंवा जागेच्या. माणसाची वाट जुनी. १९४७ च्या नर्सिंग कायद्याने परिचारिकांचे शिक्षण आणि नोंदणी यांना देशपातळीवर शिस्त आली. परिचारिकेची तीन वर्षांची पदविका (जीएनएम), सहायक परिचारिकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम (एएनएम), वर पदवी. २०२३ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा कायदा आला. पण नोंदणीकृत परिचारिकेचा घरचा दर मध्यमवर्गीय कुटुंबाला महिनोन्‌महिने झेपत नाही. घरी येते ती अटेंडंट, म्हणजे परिचारिका म्हणून नोंदणी नसलेली मदतनीस, आणि ती या वाटेच्या बाहेर राहते. २०१५ पासून कौशल्य विकास योजनेतून जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे थोड्या मुदतीचे अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांच्या पुस्तिकांत रुग्णाला उचलायचे कसे, अंघोळ कशी घालायची, काय दिसले की डॉक्टरला कळवायचे हे बऱ्यापैकी नेटके लिहिलेले आहे. घरगुती शुश्रूषेचा लेखी निकष म्हणून काही दाखवायचे तर हा एक. मात्र तो ऐच्छिक आहे. प्रमाणपत्र नसलेली बाई पाठवली म्हणून कुठल्या एजन्सीचे काही अडत नाही.

दुसरी वाट जागेची, आणि खरा वाद तिथे आहे. २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट (वैद्यकीय आस्थापना) कायदा इस्पितळे, दवाखाने, प्रयोगशाळा यांना नोंदणी आणि किमान निकष लावतो. तो सगळ्या राज्यांना आपोआप लागू झाला नाही. गोव्याने २०१९ मध्ये आपला स्वतंत्र कायदा केला. केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत इस्पितळ, प्रसूतिगृह, दवाखाना अशी यादी देऊन पुढे एक मोठी जाळी टाकलेली आहे : आजार, इजा, व्यंग किंवा गरोदरपण यांसाठी निदान, उपचार किंवा शुश्रूषा देणारी, कोणत्याही नावाने ओळखली जाणारी संस्था. शब्दशः वाचले तर घरी परिचारिका पाठवून ड्रेसिंग आणि इंजेक्शने करून घेणारी एजन्सी या जाळीत यायला हवी. पण कायद्याचा पुढचा भाग आणि त्याखालचे निकष खाटा, जागेचे चौरस मीटर, उपकरणे, तपासणीला येणारे पथक यांच्या भाषेत बोलतात. खाट रुग्णाच्या स्वतःच्या बेडरूममध्ये असेल तर पथक तपासणार कुठे? एजन्सीचे ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन मोबाइल आणि नावांची वही.

यात कराची गंमत मिसळली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आरोग्यसेवेला सूट देणाऱ्या अधिसूचनेत क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंटची व्याख्या जवळपास त्याच शब्दांत घेतली गेली. अशी संस्था, अधिकृत डॉक्टर किंवा पॅरामेडिक यांनी दिलेल्या आरोग्यसेवेवर कर नाही. नुसते मनुष्यबळ पुरवले तर १८ टक्के. म्हणजे एकाच धंद्याला दोन टोप्या मिळाल्या. करखात्यापुढे आम्ही आरोग्यसेवा देतो म्हणायचे आणि रुग्णाला शय्याव्रण (एका कुशीवर पडून राहून होणारी जखम) झाले की आम्ही फक्त माणूस पुरवतो म्हणायचे. प्रत्येक एजन्सी असे करते असा दावा नाही. वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या एजन्सीला तर जीएसटीची नोंदणीच लागत नाही. पण अशी पळवाट सरकारने स्वतःच्या दोन खात्यांत ठेवली, आणि ती बुजवण्याची निकड दोघांपैकी कुणालाच वाटली नाही.

मग डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या एका विधेयकाने हा प्रश्न भलत्याच दारातून आत आणला. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे ते विधेयक. गाजले ते वेगळ्या कारणांसाठी : निर्वाहभत्त्यावरची दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा काढणे, मुलांच्या व्याख्येत जावई आणि सून आणणे, प्रत्येक पोलिस ठाण्यात ज्येष्ठांसाठी अधिकारी नेमणे. वर्तमानपत्रांतले मथळे जावई-सुनांवर खर्ची पडले. त्याच मसुद्यात वृद्धांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी आणि केंद्राने ठरवलेले किमान निकष यांची तरतूद होती. शारीरिक किंवा मानसिक दुर्बलतेमुळे रोजचे व्यवहार जमत नाहीत अशा ज्येष्ठांना घरी दिलेली सेवा, अशी व्याख्याही होती. होम केअर हा शब्द देशाच्या कायद्यात येण्याच्या इतक्या जवळ आधी कधी आला नव्हता.

त्यावर आक्षेप दोन बाजूंनी घेता येत होते. एजन्सीच्या बाजूने पाहिले तर नोंदणी आली की दर वाढणार आणि छोटे धंदे बंद पडणार. काणकोण, सत्तरीसारख्या तालुक्यांत आधीच माणूस मिळत नाही. हा मुद्दा सरसकट उडवून लावण्यासारखा नाही. दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. हा विषय आरोग्याच्या कायद्यात न घेता समाजकल्याणाच्या कायद्यात घातल्याने तो वयाला बांधला गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटरच्या अपघातात कण्याला मार बसलेल्या माणसाला तीच नळी, तीच खाट, तीच अटेंडंट लागते, पण तो साठ वर्षांचा नाही म्हणून त्याला निकष नाहीत. शिवाय समाजकल्याण खात्याकडे कॅथेटरची जागा तपासणारा माणूस कुठून येणार? तरीही सदोष का होईना, नोंदणी झाली असती. विधेयक संसदीय समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळले.

मध्ये कोविड येऊन गेला. गोव्यात सुरुवातीला प्रत्येक बाधिताला मडगावच्या ईएसआय इस्पितळात किंवा कोविड केंद्रात नेत होते. २०२० च्या उत्तरार्धात सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरी राहण्याची मुभा आणि सोबत ऑक्सिमीटर, थर्मामीटर असलेला किट मिळू लागला. घर ही उपचाराची जागा आहे हे सरकारने पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर मान्य केले ते इथे. मे २०२१ मध्ये बांबोळीतल्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, त्या दिवसांत घरोघरी प्राणवायू देणारी भाड्याची यंत्रे (कॉन्सन्ट्रेटर) आली. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली होती. पण तो कायदा यंत्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला धरतो. रात्री वीज गेली तर काय करायचे हे भाड्याने घेणाऱ्या घराला कुणी सांगायचे, हे त्यात येत नाही. साथ ओसरली आणि घरच्या उपचारांचे लेखी नियम तिच्याबरोबर गेले.

वेदनाशामक सेवेत थोडे वेगळे घडले. तीव्र वेदनांच्या रुग्णांना मॉर्फिनसारखी औषधे मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलला गेला. औषध कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेने द्यायचे, साठा आणि नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळे ठरले. घराच्या उंबऱ्याच्या आत पोचणारा निकष लिहिता येतो, याचा हा पुरावा. तो लिहिला गेला तो मात्र अमली पदार्थाच्या धास्तीने.

कचऱ्याचे उलटे आहे. इस्पितळातली सुई कुंडईच्या जैववैद्यकीय कचरा प्रकल्पात जाते. तीच सुई घरी वापरली की २०१६ च्या घनकचरा नियमांनी ती घरगुती घातक कचरा ठरवली, आणि ती वेगळी काढून देणे घरच्यांचे काम. प्रत्यक्षात ती पंचायतीच्या पिशवीत जाते आणि कचरा वेचणाऱ्याच्या हाताला टोचते. एजन्सीच्या करारात याबद्दल एक ओळही सहसा नसते.

या सगळ्यात सुरक्षितता म्हणजे रुग्णाची आणि घरातल्या कपाटाची, असे धरले गेले. अटेंडंटची सुरक्षितता हा वेगळा धागा आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घरालाही कामाची जागा मानले, त्यामुळे घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घरकामगारांबद्दलचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने मंजूर केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. चोवीस तासांच्या ड्युटीत झोप किती, हा रुग्णाच्या दर्जाचाही प्रश्न आहे. रात्रभर जागलेल्या बाईकडून दर दोन तासांनी कूस बदलली जात नाही, आणि त्याबद्दल तिला बोल लावता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या धोरण संस्थेने ज्येष्ठांच्या सेवेवर एक दस्तऐवज काढला आणि सुधारणांची यादी मांडली. दस्तऐवज म्हणजे कायदा नव्हे. तूर्त गोव्यातल्या कुटुंबाच्या हातात उरतो तो ग्राहक कायदा. वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे, आणि मनुष्यबळ पुरवण्याचे पैसे घेतले तरी तीही सेवाच, त्यामुळे दोन टोप्यांचा खेळ निदान ग्राहक आयोगापुढे चालायचा नाही. पण तिथे एजन्सीने काय कबूल केले होते ते दाखवावे लागते. पावतीवर फक्त ‘अटेंडंट, २४ तास’ एवढेच लिहिलेले असेल तर कूस बदलण्याचा करार कधी झाला हे सिद्ध करायला तक्रारदाराकडे कागद नसतो.