नाचघरातला जॅझ : एडी पाल्मिएरी यांच्या ध्वनिमुद्रिकांची पार्श्वभूमी

पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख एडी पाल्मिएरी यांचे ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे वयाच्या ८८व्या वर्षी निधन झाले, तेव्हा अनेक मृत्युलेखांत त्यांची ओळख ‘साल्सा आणि लॅटिन जॅझ’, म्हणजे क्यूबन तालांवरचे नाचाचे गाणे आणि त्याच तालांवरचा जॅझ, अशा जोडनावाने करून देण्यात आली. हे जोडनाव सोयीचे आहे. परंतु त्यांच्या ध्वनिमुद्रिका कालक्रमाने ऐकू लागले की त्यातली अडचण जाणवते. त्यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदाची जी मुद्रिका लॅटिन जॅझ या सदरात निःसंशय बसते ती, म्हणजे ‘पाल्मास’, १९९४ साली आली. तोवर त्यांनी वाद्यवृंद उभारून तेहेतीस वर्षे झाली होती आणि त्या काळातल्या बहुतेक तबकड्यांवर गायक आहे, समूहस्वर आहेत आणि पुढ्यात नाचणारी माणसे गृहीत धरलेली आहेत. तरीही १९६५ सालच्या तबकडीतला त्यांचा पियानो ऐकून कोणताही जाणकार तो जॅझच्या मुशीतला आहे हे सांगू शकेल. नाचासाठी केलेल्या संगीतात हा जॅझ कसा आला आणि तो वेगळा ओळखला जायला इतका उशीर का लागला, हे समजण्यासाठी न्यूयॉर्कच्या त्या काळाकडे जावे लागते.

पाल्मिएरींचे आईवडील पोर्तो रिको बेटावरील पाँसे या शहराचे. १९१७ च्या कायद्याने पोर्तो रिकोच्या रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले होते, त्यामुळे दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कुटुंबे मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आली व पूर्व हार्लेम आणि दक्षिण ब्राँक्स या भागांत स्थिरावली. एडी यांचा जन्म १५ डिसेंबर १९३६ चा. थोरले बंधू चार्ली त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे आणि स्वतः उत्तम पियानोवादक. घरात पियानो आला तो त्यांच्यामुळे. धाकट्याने तेराव्या वर्षी काकांच्या वाद्यवृंदात टिंबालेस, म्हणजे काठ्यांनी वाजवायची धातूची जोडवाद्ये, वाजवायला घेतली आणि पुढे ती सोडून तो पुन्हा पियानोकडे वळला. मात्र टिंबालेसचा हात गेला नाही. पाल्मिएरींचा पियानो आघातवाद्यासारखा वाजतो असे वारंवार म्हटले जाते, त्यामागे ही सुरुवात आहे. पट्ट्यांवर ते असे तुटून पडत की ‘रोंपेतेक्लास’, म्हणजे पट्ट्या मोडणारा, हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले.

त्या वेळच्या न्यूयॉर्कमध्ये क्यूबन ताल आणि अमेरिकन जॅझ यांचा मिलाफ नवा राहिलेला नव्हता. माचितो यांच्या वाद्यवृंदात मारिओ बाउसा यांनी १९४३ मध्ये ‘तांगा’ बांधली, ती या प्रवाहाची पहिली रचना मानली जाते. १९४७ च्या अखेरीस जॅझमधले ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांनी कोंगावादक चानो पोसो यांच्यासह ‘मांतेका’ ध्वनिमुद्रित केली. ब्रॉडवेवरील ५३व्या रस्त्यालगतच्या पॅलेडियम नाचघरात माचितो, टिटो पुएंते आणि टिटो रॉड्रिगेस यांचे वाद्यवृंद एकमेकांशी स्पर्धा करीत आणि जॅझवादक रात्रीचे काम आटोपून तेथे ऐकायला येत. पाल्मिएरी १९५८ ते १९६० या काळात रॉड्रिगेस यांच्याकडे पियानो वाजवत होते. तेथे शिस्त भरपूर होती आणि पियानोला मोकळीक बेताची.

१९६१ मध्ये त्यांनी ‘ला पेर्फेक्ता’ हा आपला वाद्यवृंद काढला. पॅलेडियमच्या दिमाखदार वाद्यवृंदांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांची फळी असे. पाल्मिएरींनी ती टाळून दोन ट्राँबोन आणि एक लाकडी बासरी अशी अनपेक्षित रचना केली. बासरी आणि व्हायोलिन यांचे क्यूबन ‘चारांगा’ वाद्यवृंद तेव्हा लोकप्रिय होते. त्यातली बासरी ठेवून व्हायोलिनच्या जागी ट्राँबोन आले, म्हणून चार्ली यांनी या प्रकाराला गमतीने ‘त्रोंबांगा’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. ट्राँबोनवादक बॅरी रॉजर्स हा ब्राँक्समधला ज्यू तरुण जॅझ मनापासून ऐकणारा होता आणि वाद्यवृंदाच्या बांधणीत त्याचा वाटा नावावर दिसतो त्याहून बराच मोठा आहे. ट्राँबोनच्या जोडीने एकच लहानसा फिकरा पुन्हा पुन्हा वाजवायचा, दर फेरीला त्याची धार वाढवायची आणि त्या दाबाखाली गायक किंवा पियानो मोकळा सोडायचा, ही युक्ती पुढे न्यूयॉर्कच्या साल्साने जवळजवळ जशीच्या तशी उचलली. इस्माएल किंताना गायला, मॅनी ओकेंदो टिंबालेसवर, जॉर्ज कास्त्रो बासरीवर, ब्राझीलचा होसे रॉड्रिगेस दुसऱ्या ट्राँबोनवर. ही मंडळी लक्षात ठेवावीत अशी आहेत.

पहिल्या तीन तबकड्या अल सँटियागो यांच्या आलेग्रे या कंपनीने काढल्या. सँटियागो यांचे ब्राँक्समध्ये तबकड्यांचे दुकान होते आणि गिऱ्हाईक काय मागते हे त्यांना काउंटरवरूनच कळत असे. १९६४ पासून पाल्मिएरी टिको या कंपनीकडे गेले. टिको ही मॉरिस लेव्ही यांच्या रूलेट समूहातली, आणि लेव्ही यांचा हिशेबाबाबतचा लौकिक संगीतव्यवसायात आजही चांगल्या अर्थाने सांगितला जात नाही.

टिकोसाठी केलेल्या १९६५ च्या ‘आसूकार पा’ती’ या तबकडीवर येथे थोडे थांबावे लागेल. त्या काळी नभोवाणीवर आणि ज्यूकबॉक्समध्ये, म्हणजे नाणे टाकून गाणे वाजवायच्या यंत्रात, चालायचे ते मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या तबकडीवरचे सुमारे तीन मिनिटांचे गाणे, कारण त्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढेच नीट मावते. नाचघरात मात्र तेच गाणे नाचणाऱ्यांचा उत्साह टिकेल तितका वेळ चालत असे. लांब मुद्रिकेच्या एका बाजूवर वीस मिनिटांच्या आसपास जागा होती. परंतु लॅटिन संगीताच्या कंपन्या ती छोट्या छोट्या गाण्यांनीच भरीत. क्यूबामध्ये १९५० च्या दशकात कलाकारांच्या मुक्त मैफलींची, म्हणजे ‘देस्कार्गा’ची, ध्वनिमुद्रणे झाली होती; पण ती रंगात आलेल्या वादकांची मैफल होती, लोकप्रिय वाद्यवृंदाचे गाजते गाणे नव्हे. पाल्मिएरींनी ‘आसूकार’ हे गाणे नाचघरांत बराच काळ घोळवून तयार केले होते आणि ते त्यांनी तबकडीवर जवळजवळ नऊ मिनिटांचेच ठेवले.

त्यातला पियानोचा भाग आपल्याकडच्या श्रोत्याला लेहऱ्याच्या आधारे चटकन उलगडेल. एकल तबलावादनात सारंगी किंवा हार्मोनियम एकच धून न थकता फिरवीत राहते आणि तिच्या आधारावर तबलजी मोकळा होतो. क्यूबन संगीतात पियानो ज्या आवर्तनी धुनेचा पट मांडतो तिला ‘मोंतुनो’ म्हणतात, आणि ती ‘क्लावे’ या पाच आघातांच्या मूळ लयसूत्राला बांधलेली असते. हे पाच आघात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन असे वाटलेले असतात व त्यांची दिशा मध्येच उलटली तर संपूर्ण वाद्यवृंद डळमळतो. पियानोवादक एकल वादनाला निघाला की एरवी मोंतुनो सुटतो. ‘आसूकार’मध्ये पाल्मिएरी डाव्या हाताने मोंतुनो चालूच ठेवतात आणि उजव्या हाताने त्याच्या वर, कधी त्याच्या विरुद्ध, वाजवतात. नाचणाऱ्याचा पाय सुटत नाही आणि उजव्या हातात जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंकची आठवण करून देणारे टोकदार, मुद्दाम खडबडीत स्वरपुंज येत राहतात. नाच आणि जॅझ दोन हातांत वाटून एकाच पियानोवर वाजत आहेत, इतका हा प्रकार साधा आहे आणि इतका कठीणही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही मुद्रिका २००९ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत समाविष्ट केली.

‘आसूकार पा’ती’च्या पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, व्हायब्राफोनवादक कॅल जेडर यांच्याबरोबर ‘एल सोनिदो नुएव्हो’ झाली. ती व्हर्व्ह या जॅझ कंपनीने काढली आणि त्या बदल्यात या जोडीची दुसरी मुद्रिका ‘बांबोलेआते’ टिकोला मिळाली. जॅझच्या दुकानात पाल्मिएरींचे नाव प्रथम दिसले ते या देवघेवीमुळे. याच सुमारास गिटारशिक्षक बॉब बियांको यांच्याकडे ते जोसेफ शिलिंगर यांची गणिती संगीतरचनापद्धती शिकत होते. त्याच शिकवणीतून अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांच्या विचारांचीही ओळख झाली आणि जमिनीची मालकी व दारिद्र्य यांचा संबंध हा विषय त्यांच्या बोलण्यात अखेरपर्यंत राहिला. १९६८ मध्ये पैशाच्या ओढाताणीत ‘ला पेर्फेक्ता’ विसर्जित झाली. त्या वेळी बाजारात बूगालूची, म्हणजे लॅटिन ताल आणि अमेरिकन सोल संगीत यांच्या मिश्रणाची, लाट होती. पाल्मिएरींना तो प्रकार मुळीच आवडत नसे, तरी ‘शँपेन’ या मुद्रिकेवर त्यांनीही तो वाजवलाच.

त्यानंतरच्या सहा-सात वर्षांतले काम माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी काम आहे. १९६९ च्या ‘हुस्तिसिया’मध्ये न्यायाची उघड मागणी आहे. १९७० च्या ‘सुपरइंपोझिशन’ची एक बाजू गाण्यांची आणि दुसरी जवळजवळ संपूर्ण वाद्यसंगीताची, म्हणजे ज्याला पुढे लॅटिन जॅझ म्हटले गेले ते नाचाच्या तबकडीची मागची बाजू म्हणून आधीच विकले जात होते. १९७१ च्या ‘व्हामोनोस पाल मोंते’मध्ये धाकट्याच्या पियानोसमोर थोरले चार्ली ऑर्गनवर आहेत. त्याच वर्षी आलेल्या ‘हार्लेम रिव्हर ड्राइव्ह’मध्ये त्यांनी लॅटिन वादकांबरोबर बर्नार्ड पर्डी, कॉर्नेल डुप्री यांसारखे सोल आणि फंक संगीतातले वादक घेतले आणि गाणी इंग्रजीत केली. शीर्षक घेतले ते मॅनहॅटनच्या पूर्व कडेने जाणाऱ्या रस्त्याचे. हार्लेमच्या वस्तीत न शिरता तिला वळसा घालून मोटारी जिथून भरधाव निघून जातात तो रस्ता. मुद्रिका विकली गेली नाही. लॅटिन श्रोत्याला ती फार अमेरिकन वाटली आणि अमेरिकन दुकानदाराला ती कोणत्या खणात ठेवावी हे कळले नाही. १९७२ मध्ये याच गटाला घेऊन त्यांनी सिंग सिंग तुरुंगात बंदिजनांसमोर वादन केले. त्याचीही ध्वनिमुद्रणे निघाली.

१९७४ ची ‘द सन ऑफ लॅटिन म्युझिक’ ही हार्वी अ‍ॅव्हर्न यांच्या कोको कंपनीची निर्मिती. माचितोंच्या काळापासूनचे अनुभवी संयोजक रेने एर्नांदेस, जुना सहकारी बॅरी रॉजर्स, व्हायोलिनवर आल्फ्रेदो दे ला फे आणि गायला लालो रॉड्रिगेस हा वयात येऊ पाहणारा पोर्तो रिकन मुलगा, असा तो मेळ होता. ‘उन दिया बोनितो’ हे त्यातले गाणे चौदा मिनिटांच्या आसपासचे असून त्याचा बराचसा भाग तालाविना, जवळजवळ अमूर्त अशा पियानोने व्यापलेला आहे. पाय थिरकवायला आलेल्या श्रोत्याला इतका वेळ थांबवून ठेवण्याची हिंमत तोवर क्वचितच कोणी केली होती. ग्रॅमी पुरस्कारांत लॅटिन संगीताचा स्वतंत्र विभाग १९७६ च्या सोहळ्यात प्रथमच आला आणि त्याचा पहिला मान या मुद्रिकेला मिळाला. पुढच्या वर्षीचा पुरस्कारही पाल्मिएरींनाच मिळाला, तो मात्र विचित्र परिस्थितीत. कोकोशी मतभेद होऊन त्यांनी काम अर्ध्यावर ठेवले होते. कंपनीने ते त्यांच्या मनाविरुद्ध तसेच बाजारात आणले आणि नाव दिले ‘अनफिनिश्ड मास्टरपीस’. स्वतःला अपुऱ्या वाटणाऱ्या कामावर पुरस्कार स्वीकारण्याची वेळ कलावंतावर यावी, हा कंपनीच्या धंदेवाईक विनोदबुद्धीचा कळस म्हणावा लागेल.

१९८० च्या दशकात ‘पालो पा’रुंबा’, ‘सोलितो’ आणि ‘ला व्हेरदाद’ यांनाही ग्रॅमी मिळाले. तोवर बाजार बदलला होता. नाजूक प्रेमगीतांचा गुळगुळीत साल्सा चालू लागला होता आणि त्यात लांब पियानोवादनाला जागा नव्हती. १९८८ मध्ये चार्ली गेले, १९९१ मध्ये बॅरी रॉजर्स. ‘पाल्मास’ आली ती या पार्श्वभूमीवर. गायक काढून टाकला, तालवाद्यांचा गाभा जसाच्या तसा ठेवला आणि पुढच्या फळीत ब्रायन लिंच यांचा ट्रंपेट, कॉनरॅड हर्विग यांचा ट्राँबोन व डॉनल्ड हॅरिसन यांचा सॅक्सोफोन आणला. ट्राँबोनचे फिकरे तेच, मोंतुनो तोच. शब्द तेवढे नाहीत. पुढे ‘आरेते’ आणि ‘व्हॉर्टेक्स’ याच वाटेने गेल्या. याच काळात पाल्मिएरी ग्रॅमी देणाऱ्या संस्थेच्या न्यूयॉर्क शाखेत कार्यरत होते आणि लॅटिन जॅझसाठी स्वतंत्र विभाग असावा असा आग्रह धरणाऱ्यांत ते आघाडीवर होते. तो विभाग १९९५ च्या सोहळ्यापासून सुरू झाला. २०११ मध्ये संस्थेने एकूण विभाग १०९ वरून ७८ वर आणताना तो रद्द केला, तेव्हा पंचाहत्तरीला आलेल्या पाल्मिएरींनी इतर कलावंतांसह जाहीर विरोध केला. पुढच्याच वर्षी विभाग पूर्ववत झाला. विभाग रद्द होण्यापूर्वीच ‘लिसन हिअर!’ आणि ब्रायन लिंच यांच्याबरोबरची ‘सिंपातिको’ या दोन मुद्रिकांना तो पुरस्कार मिळून गेला होता. २०१३ साली नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स या अमेरिकी सरकारच्या कलासंस्थेने त्यांना ‘जॅझ मास्टर’ हा सन्मान दिला.

जुन्या मुद्रिकांचे काय झाले, हेही सांगायला हवे. आलेग्रे १९६० च्या दशकातच लेव्हींच्या गोटात गेली होती; १९७० च्या दशकाच्या मध्यावर टिकोसह ती फानिया कंपनीने घेतली. फानियाचा संग्रह २००५ पासून हात बदलत २०१८ मध्ये काँकॉर्ड या समूहाकडे आला. या सगळ्या खरेदीविक्रीत पाल्मिएरींचा शब्द कोठेच नव्हता. याला त्यांनी दिलेले उत्तर पियानोवरचे होते. २००२ मध्ये ‘ला पेर्फेक्ता २’ या नावाने त्यांनी जुना वाद्यवृंद नव्या वादकांसह पुन्हा उभा केला, आणि २०१८ च्या ‘फुल सर्कल’मध्ये ‘आसूकार’सह आपली गाजलेली गाणी नव्याने वाजवून ठेवली. त्यातला डावा हात अजूनही सुटत नाही.