इफमधलं एकच =: ही चूक आली कुठून

जावा ही प्रोग्रामिंग भाषा नवीन शिकणाऱ्याकडून ही चूक होतेच, इफच्या (अट तपासणाऱ्या ओळीच्या) कंसात == म्हणजे 'समान आहे का' द्यायचं तिथे एकच = म्हणजे 'किंमत भर' पडतं. आणि मला मनापासून वाटतं की यात पोरांचा दोष फार थोडा आहे, शाळेत इतकी वर्षं = म्हणजे समान हेच गिरवलेलं असतं.

घोळ जुना आहे. 1957 च्या फोरट्रान भाषेत व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायच्या नावाच्या जागेत) किंमत भरायला = वापरलं. अल्गोल 60 या भाषेने हे नीट वेगळं केलं, भरायला := आणि तुलनेला साधं =, गणितात असतं तसं. पण पुढे बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने बी भाषा केली तेव्हा हिशोब असा केला की प्रोग्राममध्ये किंमत भरणं तुलनेपेक्षा जास्त वेळा येतं, मग त्याचं चिन्ह छोटं हवं. झालं, भरायला =, तुलनेला ==. डेनिस रिचीच्या सी मध्ये तेच आलं आणि तिथे = ने भरलेली किंमतच अट म्हणून तपासली जाते आणि शून्य सोडून कुठलीही किंमत 'खरी' धरतात, त्यामुळे इफमध्ये चुकून = पडलं तरी कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारा) अडवत नाही, फार तर इशारा देऊन पुढे जातो. 2003 मध्ये तर कुणीतरी लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कोडच्या एका कॉपीत मुद्दाम असंच एक = घुसवलं होतं, वाचताना वाटावं युझर रूट (सगळे अधिकार असलेला) आहे का ते तपासतंय, प्रत्यक्षात त्याला रूट करून टाकायचं! मूळ रिपॉझिटरीत (कोडच्या मुख्य साठ्यात) तो बदल नव्हता म्हणून सापडलं.

1995 मध्ये सन कंपनीने जावा आणली, जेम्स गॉसलिंगच्या टीमने चिन्हं सी चीच ठेवली पण इफच्या कंसात बूलियनच (ट्रू किंवा फॉल्स, खरं किंवा खोटं) पाहिजे असा नियम केला. म्हणून इफ (मार्क्स = 35) लिहिलं की कंपायलर तिथेच अडवतो, इंटचं (पूर्णांकाचं) बूलियन होत नाही म्हणतो. हा नियम फार मोलाचा आहे.

एक फट मात्र राहिली. व्हेरिएबलच बूलियन असेल तर? इफ (पास = ट्रू) बिनतक्रार कंपाइल होतं आणि नापास झालेल्यालाही पास छापतं. अशा वेळी डीबगरमध्ये इफच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबायची खूण) लावा, एक स्टेप पुढे जा आणि पासची किंमत बघा, आत्ता फॉल्स होती ती ट्रू झालेली दिसेल, चूक तिथेच आहे. == लावून चालतंच, पण त्यापेक्षा तुलनाच काढून टाका, नुसतं इफ (पास) लिहा, उलट हवं असेल तर इफ (!पास).