आठ वर्षांनी हायब्रिड भंगारात? खुलासा

‘जुनी हायब्रिड घेऊ नका, आठ वर्षांनी बॅटरी बसते आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो.’ सेकंडहँड लेक्सस आरएक्सची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी गाडी, बघायला निघालेल्या प्रत्येकाला हे कोणीतरी ऐकवतंच. हे खरं नाही.

आठाचा आकडा आला वॉरंटीतून. २००५ साली आलेल्या आरएक्स ४००एच या पहिल्या लक्झरी हायब्रिड एसयूव्हीच्या हायब्रिड भागांना अमेरिकेत ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी होती. वॉरंटी म्हणजे कंपनीची हमी, बॅटरीचं आयुष्य नव्हे! गाडी ही निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी कधी पूर्ण भरूही देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, म्हणूनच ती टिकते.

तिचा खरा शत्रू आहे उष्णता. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि केबिनमधलीच हवा ओढून पंखा तिला गार ठेवतो. सीटच्या पुढच्या बाजूला खाली वाकून टॉर्च मारा. हवा आत घेणाऱ्या जाळीवर धूळ, केस, गालिच्याचे धागे यांचा राखाडी थर दिसला, तर आधी तो व्हॅक्यूमने काढा. तिथे पिशव्या कोंबू नका.

आणखी एक गफलत नेहमी होते. गाडी ‘रेडी’ होत नाही, म्हणजे निघायला तयार असल्याचा दिवा लागत नाही, की लगेच मोठ्या बॅटरीवर खापर. पुष्कळदा उतरलेली असते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. आधी ती तपासून घ्या.

४००एचची पुढची आवृत्ती, आरएक्स ४५०एच, भारतात २०१७ मध्ये आली. वय बघून ती नाकारू नका, बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचं (सेलच्या गटाचं) व्होल्टेज स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून तिची माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, बघून ठरवा.