पंखा बंद झाल्यावर

डिसेंबरात एका रात्री आपण गोधडीतून हात बाहेर काढतो आणि पंख्याचं बटण बंद करतो. मार्चपासून चाललेली घरघर थांबते आणि मग जाणवतं, अरे, एवढा आवाज होता! एकसुरी आवाजाकडे मेंदू थोड्या वेळाने काणाडोळा करतो, त्याला बातमी हवी असते ती बदलाची. त्यामुळे पंखा 'ऐकू येतो' तो बंद पडतो तेव्हा.

मला खरं कुतूहल आहे ते त्यानंतरच्या दहा मिनिटांचं. आधी कानात बारीक 'सूं' सुरू होतं. हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी 1953 साली, ऐकण्याची काही तक्रार नसलेल्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. त्यातल्या 94 टक्क्यांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. कुणाला गुणगुण, कुणाला शिट्टी. याचं एक स्पष्टीकरण असं, की बाहेरून काही येईनासं झालं की श्रवणयंत्रणा आपली संवेदनशीलता वाढवते. रेडिओवर स्टेशन लागत नाही म्हणून आपण आवाज वाढवावा आणि खरखरच मोठी व्हावी, तसं.

विचारांचंही काहीसं असंच होतं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळी तो जवळपास 20 टक्के ऊर्जा खातो. अवघड गणित सोडवायला घेतलं तर हा खर्च वाढतो, पण सहसा 5 टक्क्यांहूनही कमी. मग एरवी तो करतो काय? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रेकल यांनी 2001 साली दाखवलं, की आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदूतले काही ठरावीक भाग उलट जास्त कामात असतात. या जाळ्याचा संबंध आठवणींशी, उद्याच्या बेतांशी आणि 'मी'शी आहे. म्हणून पंखा थांबला की न भरलेला हप्ता आठवतो, भावाला तोडून बोललेलं वाक्य आठवतं. आणि हात उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे जातो.

ही पळवाट किती जुनी, ते ठाऊक नाही, पण ती मोजली गेली आहे. टिमथी विल्सन यांच्या गटाने 2014 साली व्हर्जिनिया विद्यापीठात लोकांना 15 मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. सोबत एकच बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. तो टाळण्यासाठी आम्ही पैसेही देऊ, असं आधी म्हणालेली ही माणसं. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी स्वतःला झटका दिला. एका गृहस्थांनी तर 190 वेळा! 'माणसाला विचारांपेक्षा वेदना बरी वाटते' असा याचा गाजावाजा झाला, तो मला पटत नाही. माणसं मोजकी होती, बटण समोर असलं की नुसती उत्सुकताही पुरते, आणि 18 बायका बटणाला हात न लावता बसून राहिल्याच की.

बसून राहिलं तर काय होतं, याचा एक धागा योगायोगाने हाती आला. इटलीत लुचिआनो बर्नार्डी 24 जणांवर संगीताचा परिणाम तपासत होते. संगीताच्या तुकड्यांच्या मधे त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या दोन मिनिटांत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीच्या शांततेपेक्षाही खाली आले. 2006 साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे नुसत्या शांततेपेक्षा आवाज थांबल्यानंतरची शांतता शरीराला जास्त मानवली. पंखा बंद झाल्यावरची, म्हणा ना.

निफाडजवळ मामांकडे गेलो की ही शांतता पहाटे पाचला शेकोटीपाशी भेटते. तिथे पारा कधीकधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते, तिला टेकलेली हवा गार पडते आणि वरची त्या मानाने उबदार राहते. शेकोटीचा धूर वर जायचा सोडून पत्र्यांच्या उंचीवर आडवा पसरतो, ती याचीच खूण. उबदार हवेत ध्वनी जरा वेगाने धावतो, दर अंशाला सेकंदामागे साधारण 0.6 मीटर. म्हणून वर निघालेल्या ध्वनिलहरी त्या थरात वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. दुपारी हे उलटं असतं, आवाज वर निसटतो. दिवसा कधी ऐकू न येणारी रेल्वे पहाटे अगदी बांधावरून गेल्यासारखी वाटते, ती यामुळे.

गेल्या खेपेला मी सवयीने खिसा चाचपला, फोन आत खाटेवर राहिला होता. पहिली काही मिनिटं तीच ती उजळणी, हप्ता, भाऊ, सोमवारची मीटिंग. मामा काटक्या सारत होते. मग लांबून भोंगा आला, पाठोपाठ खडखड, बराच वेळ.

"मालगाडी हाये," मामा म्हणाले. "रिकामी."

"रिकामी कशावरून?"

"भरलेली एवढी वाजत नाय."