संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुरुस्ती

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सह्या झाल्या आणि २४ ऑक्टोबर १९४५ पासून ती अंमलात आली. तिच्यात बदल कसा करायचा हे कलम १०८ व १०९ मध्ये सांगितले आहे. दुरुस्तीला आमसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची मते लागतात. त्यानंतर दोन-तृतीयांश सदस्य देशांनी आपापल्या घटनात्मक पद्धतीने तिचे अनुसमर्थन करावे लागते आणि त्यांत सुरक्षा परिषदेचे पाचही स्थायी सदस्य असावे लागतात. आजच्या १९३ सदस्यांत हा आकडा १२९ होतो. आमसभेत कोणालाच नकाराधिकार नसला, तरी अनुसमर्थनाच्या टप्प्यावर तो पाचांच्या हाती येतो.

ही अट लहान देशांना तेव्हाही खुपत होती. त्यांची समजूत काढण्यासाठी कलम १०९ मध्ये तरतूद झाली, की दहाव्या वार्षिक अधिवेशनापर्यंत सनदेच्या फेरविचारासाठी परिषद भरली नाही, तर तो प्रस्ताव त्या अधिवेशनापुढे यावा. १९५५ मध्ये तो आला. ‘योग्य वेळी’ परिषद भरवावी असे ठरले, पण ती आजतागायत भरलेली नाही. लहान देशांच्या पदरात पडलेले आश्वासन पोकळच निघाले.

प्रत्यक्षात दुरुस्त्या झाल्या त्या वसाहती स्वतंत्र होण्याच्या लाटेमुळे. ५१ सदस्यांची संघटना १९६३ पर्यंत शंभराच्या पुढे गेली होती. सुरक्षा परिषद मात्र ११ जणांचीच होती. १७ डिसेंबर १९६३ रोजी आमसभेने ती १५ जणांची करण्याचा ठराव ९७ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. चार देश तटस्थ राहिले. फ्रान्स व सोव्हिएत संघ विरोधात होते, अमेरिका व ब्रिटन तटस्थ. स्थायी सदस्यांपैकी बाजूने मत होते ते एकट्या चीनचे, म्हणजे तेव्हा चीनची जागा सांभाळणाऱ्या तैवानमधील तैपेई सरकारचे. तरीही दोन वर्षांच्या आत पाचांनीही अनुसमर्थन दिले आणि ३१ ऑगस्ट १९६५ पासून दुरुस्ती लागू झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेतील इतक्या देशांचा रोष एकट्याने ओढवून घेण्याची कोणाचीच तयारी नव्हती, हे या प्रसंगाचे खरे महत्त्व.

त्याच वेळी सुरक्षा परिषदेतील निर्णयासाठी लागणारी मते सातवरून नऊ झाली. फेरविचाराची परिषद बोलावण्यासाठी सुरक्षा परिषदेत लागणाऱ्या मतांचा कलम १०९ मधला सातचा आकडा मात्र तसाच राहिला. त्यासाठी १९६५ मध्ये वेगळी दुरुस्ती करावी लागली, आणि तीही पहिल्याच परिच्छेदापुरती. तिसऱ्या परिच्छेदात आजही ‘सात’च आहे. आर्थिक व सामाजिक परिषद १८ वरून २७ आणि १९७३ मध्ये ५४ सदस्यांची झाली. त्यानंतर सनदेचा एक शब्दही बदललेला नाही.

त्यामुळे जुन्या गोष्टी मजकुरात राहून गेल्या आहेत. कलम २३ मधील स्थायी सदस्यांच्या यादीत अजून ‘चीनचे प्रजासत्ताक’ आणि ‘सोव्हिएत संघ’ आहेत. बीजिंगचे साम्यवादी सरकार १९७१ मध्ये आमसभेच्या ठरावाने आणि रशिया १९९१ मध्ये एका पत्राने त्या जागांवर आले. दुसऱ्या महायुद्धातील शत्रुराष्ट्रांविषयीचे उल्लेख गाळण्याचा मनोदय आमसभेने १९९५ मध्येच नोंदवला, तरी ते कायम आहेत. विश्वस्त प्रदेशांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या विश्वस्त मंडळाचे काम, पलाऊ या शेवटच्या अशा प्रदेशाच्या स्वातंत्र्यानंतर १९९४ मध्ये थांबले, पण त्याचे प्रकरण सनदेत शाबूत आहे. स्थायी सदस्याची तटस्थता म्हणजे नकाराधिकार नव्हे, हा नियमही कलम २७ च्या मजकुरातून नव्हे, तर वहिवाटीतून आला. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

सध्याचा मुख्य वाद स्थायी जागांचा आहे. भारत, ब्राझील, जर्मनी व जपान यांनी २००५ मध्ये ठरावाचा मसुदा मांडला. पाकिस्तान, इटली आदींच्या गटाचा नव्या स्थायी जागांनाच विरोध होता, तर आफ्रिकी देशांना नव्या जागांसोबत नकाराधिकारही हवा होता. तो मसुदा मतदानापर्यंत पोहोचला नाही. आंतरशासकीय वाटाघाटी २००९ पासून चालू आहेत.